लाईट कुणाची जाते, कधी जाते आणि कोण घालवतं? (परराज्यातल्या गलाईवाल्या भावांनी जरूर लिहावं)

घाटमाथा_विटा (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

एप्रिल उजाडला की आपल्याकडं संध्याकाळी लाईट जायला लागते आणि मोबाईलवर निरोप फिरायला लागतात. देशातला कोळसा संपला, कोयना रिकामी झाली, सगळी वीज मुंबईला पळवली. यातल्या प्रत्येक निरोपात कुठल्या तरी वर्षाचं थोडंफार खरं असतं, पण ते आजच्या आपल्या अंधाराला लागू पडतंच असं नाही. कारण चुकीचं धरलं की भांडण चुकीच्या दारात जातं. ग्रामसभेत आपण दिल्लीवर बोलत बसतो आणि डीपीला (ट्रान्सफॉर्मरच्या खांबांना) टेकलेल्या फांद्या तशाच राहतात.

माझं म्हणणं असं. आपली लाईट मुख्यतः तीन कारणांनी जाते. राज्यात मागणीपेक्षा वीज कमी पडली की ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून भार कमी करायचा निरोप निघतो आणि फीडर (उपकेंद्रातून गावांकडं जाणाऱ्या वाहिन्या) पाळीपाळीनं बंद होतात. हे खरं भारनियमन. शेतीच्या थ्री फेजचे तास ठरलेले असतात, ते संपले की मोटर बंद. तो टाइमटेबलचा भाग. तिसरं म्हणजे बिघाड: जंप (खांबावरची जोडतार) तुटला, डिओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला, वळवाच्या वाऱ्यात खांब पडला. माझ्या बघण्यात आपल्या भागात सगळ्यात जास्त तास हे तिसरं कारण खातं, आणि शिव्या मात्र पहिल्याला बसतात.

ओळखायचं कसं? फार अवघड नाही. शेजारच्या फीडरवर लाईट आहे का ते फोन करून विचारा. ठोक्याला गेली, ठोक्याला आली आणि मग पुढच्या गावाची गेली, तर ते भारनियमन. तुमचीच आळी अंधारात आणि रस्त्यापलीकडं दिवे, तर बिघाड आहे. लगेच तक्रार नोंदवा, वाट बघत बसू नका.

आता विनंती. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यामुळं अमृतसरपासून नागरकोविलपर्यंत पसरलेली आहेत. तुम्ही जिथं आहात तिथं लाईट कधी जाते, आधी सांगतात का, आणि पहिल्यांदा कुणाची कापतात, एवढं लिहा. इथं बसून आपल्याला वाटतं की हे फक्त आपल्याच नशिबी आहे. इतर राज्यांचं कळलं तर मागणी काय करायची तेही नीट कळेल.

---

कोवई_गलाई

चांगला विषय काढलात. कोईमतूरला आमचं दुकान वडिलांपासून. तामिळनाडूनं 2008 पासून पुढची चार-पाच वर्षं जे भोगलं ते इथल्या कुणाला सांगून पटत नाही. चेन्नईत दोन तास आणि बाकीच्या जिल्ह्यांत बारा-बारा तास, काही दिवस त्याहूनही जास्त. 2012 चा ऑक्टोबर तर विसरणं शक्य नाही. तिथं पवनचक्क्या मोप आहेत, पण वारा जून ते सप्टेंबर. वारा पडला की एवढी मोठी वीज एकदम गायब, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर गिरण्या, पंपांचे कारखाने, फौंड्री सगळं ठप्प.

आमच्या धंद्याचं सांगतो. भट्टीत मूस चढवलेली, सोनं वितळायच्या बेतात, आणि ब्लोअर बंद पडतो. मूस थंड होऊ द्यायची नाही म्हणून माझ्या वडिलांनी जुना हाताचा भाता माळ्यावरून उतरवून परत बसवला होता. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायचं मशीन बंद म्हणजे गिऱ्हाईक बाकावर बसून राहणार, किंवा शेजारी जनरेटर असलेल्याकडं जाणार.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तेव्हा देशात वीज अजिबातच नव्हती असं नाही. पश्चिमेकडं काही वेळा शिल्लक असायची, पण दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकी देशाशी एका तालात जोडलेलंच नव्हतं. ज्या थोड्या वाटा होत्या त्या भरून वाहत होत्या. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण ग्रिड राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं. त्याच सुमारास कुडनकुलमचा पहिला संच चालू झाला. त्यानंतर हळूहळू परिस्थिती सुधारली. सोलापूर म्हणजे आपल्या विट्यापासून काही तासांच्या अंतरावर, तिथून गेलेल्या तारेनं आमचं दुकान वाचवलं असं मी मानतो.

---

धोटा_आणि_बीम

विट्यातच माग आहेत माझे. वरचं वाचून बरं वाटलं की कुणीतरी कामाच्या ठिकाणचं बोलतंय.

माग चालू असताना लाईट गेली की धोटा मध्येच अडकतो. ताण्याचे धागे तुटतात, ते एकेक करून सांधावे लागतात. परत माग चालू केला की त्या जागी कापडावर आडवा पट्टा उमटतो. व्यापारी ताका उलगडून बघतो, बोट ठेवतो, आणि तेवढं डॅमेजमध्ये धरतो. कामगार मीटरवर काम करतो, त्यामुळं बंद मागाचा तास त्याच्या पगारातून जातो. माझं नुकसान मी कुठंतरी भरून काढीन, त्याचं कुठं भरून निघणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चार तास जाणार असेल तर जाऊ दे, पण आदल्या दिवशी सांगा आणि सांगितलेल्या वेळेलाच न्या. आम्ही पाळी बदलू, कामगाराला सकाळी लवकर बोलावू. दिवसातनं पाच वेळा पाच-पाच मिनिटं जाणारी लाईट आम्हाला चार तासांच्या सांगून गेलेल्या लाईटपेक्षा जास्त मारते. कागदावर ती फक्त पंचवीस मिनिटं दिसते.

---

निवृत्त_ऑपरेटर

33 केव्ही उपकेंद्रात नोकरी झाली माझी. धागाकर्त्यांनी जे तीन भाग केलेत ते बरोबर आहेत. थोडं आतलं सांगतो.

वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येत नाही, ज्या क्षणी बनते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या की वारंवारिता 50 हर्ट्झच्या जवळ राहते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ती खाली घसरते. फार घसरली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी सुटी होतात आणि मग एकामागोमाग एक सगळंच पडतं. 30 आणि 31 जुलै 2012 ला हेच झालं. बीना–ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली आणि पहिल्या दिवशी उत्तर ग्रिड, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड कोसळली. 60 कोटींहून जास्त लोकांना त्याची झळ बसली. आपलं पश्चिम ग्रिड त्यातून वाचलं. तर भार प्रेषण केंद्रातून "एवढे मेगावॅट ताबडतोब कमी करा" असा निरोप येतो तो यासाठी. त्या क्षणी ब्रेकर उघडून लाईन तोडणाऱ्या ऑपरेटरला गाव शिव्या देतं, पण ब्रेकर उघडला नसता तर गावाबरोबर जिल्हाही गेला असता.

कुणाचं कापायचं हे मात्र माणसांनी ठरवलेलं असतं, त्यावर बोललंच पाहिजे. 2005 नंतरच्या मोठ्या टंचाईच्या वर्षांत राज्यात फीडरचे गट पाडले होते. गळती कमी आणि वसुली चांगली असलेल्या फीडरला कमी तास, गळती जास्त त्याला जास्त तास. पश्चिम महाराष्ट्राची वसुली बरी, त्यामुळं आपल्याला मराठवाड्यापेक्षा कमी चटके बसले हे खरं आहे. पण एखाद्या फीडरवर निम्मे लोक आकडे टाकणारे असतील तर उरलेले निम्मे इमानदारीनं बिल भरूनही अंधारात. फोनवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज मला ओळखीचा झाला होता. बिलाची पावती घेऊन यायचे ते. त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला कुठल्याच परिपत्रकात सापडलं नाही.

---

पाटण_खोरं

कोयनेबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुढं जाऊ नये.

धरण आमच्या पाटण तालुक्यात. साठा 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). वीजघरं सह्याद्रीच्या पलीकडं, चिपळूण तालुक्यात पोफळी आणि अलोऱ्याच्या बाजूला. सगळे टप्पे आणि पायथा वीजगृह धरून क्षमता 1,960 मेगावॅट. पण कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडं वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसीच पाणी वळवायची परवानगी दिलेली आहे, 1 जून ते 31 मे असं वर्ष धरून. त्यामुळं "कोयना भरलीय, मग लाईट का जाते" हा प्रश्न अपुरा आहे. धरणात पाणी दिसत असलं तरी कोटा संपत आलेला असू शकतो.

आमच्या बाजूचं दुखणं वेगळं आहे. धरणात गावं गेली, माणसं डोंगरावर सरकली नाहीतर लांब जिल्ह्यांत गेली. जी सरकली त्यांच्या वाड्यांवर लाईन जंगलातून येते. पावसाळ्यात झाड पडलं की तार तुटते आणि ती सापडायलाच दिवस जातो. जून ते सप्टेंबर चार-चार दिवस अंधार. इथं टंचाईचा काही संबंध नाही, तेव्हा तर राज्यात मागणी कमी असते. वायरमन एक आणि वाड्या डोंगरभर. त्या पोराला मी कंबरभर गवतातून एकटा जाताना बघितलाय, हातात फक्त काठी आणि पकड. दोष त्याचा नाही. माणसं कमी आणि लाईन जुनी, हे दोन्ही वरच्यांना ठाऊक आहे.

---

निवृत्त_ऑपरेटर

पाटण_खोरं, बरोबर बोललात. कोट्याचा ढोबळ हिशेब देतो. पोफळीकडं पाणी साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पडतं, मग कोळकेवाडीत अडवून पुन्हा एकदा खाली सोडतात. एका टीएमसीतून साधारण चार कोटी युनिट निघतात. सगळी जनित्रं रात्रंदिवस पूर्ण जोरात चालवली तर 67.5 टीएमसी पाणी दोन महिन्यांच्या आतबाहेर संपेल. म्हणून कोयना रोजच्या आमटीला नसते, ती तुपाच्या गडव्यासारखी जपून वापरायची असते. औष्णिक संच थंड असेल तर तो पेटवून पूर्ण भारावर यायला तास न् तास जातात, पाण्याचं चाक काही मिनिटांत जोर धरतं.

हाच मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झालाय. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॅटपर्यंत (अडीच लाख मेगावॅट) गेली आणि ती भागवली गेली, कारण ती दुपारची होती आणि सौरऊर्जा भरपूर होती. अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. सौर शून्यावर येतं आणि नेमके तेव्हाच घरातले दिवे, पंखे, कूलर, एसी एकदम चालू. उन्हाळी रात्र तापलेली असेल तर मध्यरात्रीपर्यंत मागणी उतरत नाही. बाजारात वीज घ्यायला जावं तर तेव्हाच सगळी राज्यं रांगेत. 2022 च्या मार्चमध्ये एक्स्चेंजवर भाव युनिटला 20 रुपयांपर्यंत गेला, मग केंद्रीय वीज नियामक आयोगानं 12 ची मर्यादा घातली, पुढं 2023 मध्ये 10 ची. भावाला टोपी घातली म्हणून वीज वाढत नाही. पैसे मोजायची तयारी असूनही काही वेळा मिळत नाही.

---

शिराळ्याची_लेक

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण धागाकर्ते दादा, तुमच्या तीन कारणांत शेतीच्या टाइमटेबलला तुम्ही एका ओळीत उरकलंत. आमच्याकडं खरी गोष्ट तिथंच आहे.

थ्री फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला बारा-एक वाजता माणूस उसात शिरतो. आमच्या शिराळा, वाळवा, कराड, पाटण भागात उसात बिबट्या पिल्लं घालतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. साप, विंचू वेगळेच. माझे चुलते बॅटरी तोंडात धरून दोन्ही हातांनी दारं मोडतात, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवतात. चुलती घराच्या पायरीवर बसून दर थोड्या वेळानं फोन लावते. रेंज नसली की तिचा जीव खाली-वर होतो. देशात 250 गिगावॅट भागले म्हणून मला आनंद आहे, पण ते ज्या हिशेबानं भागतात त्यात माझ्या चुलत्यांची रात्र धरलेली असते. दिवसाची मागणी शहरांना आणि कारखान्यांना मोकळी राहावी म्हणूनच शेतीला रात्र दिली होती ना? मग ही टंचाईच झाली, फक्त तिला कायमचं वेळापत्रक मिळालं.

दुसरं, टंचाई आणि बिघाड वेगळे आहेत हे अर्धंच खरं. लाईट यायची वेळ झाली की डीपीवरच्या सगळ्या मोटरींना ऑटो स्विच लावलेले. रात्री उठून स्टार्टर दाबायला जायचं कोण? म्हणून लावतात. लाईट आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणाला उचलतात. टीसीवर एकदम भार, फ्यूज उडतो, नाहीतर टीसीच जळतो. मग टीसी बदलून मिळेपर्यंत उसाची आडसाली लावण होरपळते. अधिकारी सांगतात ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. सांगणं बरोबर आहे. पण दिवसा नेमानं वीज दिली तर ऑटो स्विच लावायची गरजच कुणाला पडेल?

---

घाटमाथा_विटा

ताई, तुमच्या प्रतिसादानं धाग्याला वजन आलं. टंचाईतून ठरलेले तास, त्या तासांमुळं एकदम पडणारा भार, त्या भारानं जळालेला टीसी, ही साखळी कुणी इतकी नीट मांडलेली मी वाचली नव्हती. तरी तक्रार करताना वेगळं पाडणं गरजेचं आहे असं मला वाटतं, कारण टीसी बदलायची जबाबदारी स्थानिक कार्यालयावर आहे आणि दिवसा पाळी द्यायचा निर्णय मुंबईत होतो.

---

लुधियाना_टंच

मूळ गाव आटपाडी तालुक्यात, सध्या पंजाबात. इथं ताईंच्या प्रश्नाचं उलटं चित्र आहे. जूनमध्ये भाताची लावणी सुरू झाली की शेतीला आठ तास वीज द्यायचीच, यावर कुठलंही सरकार मागं येत नाही. मग कमी पडलं तर कारखान्यांचं कापतात. 2021 च्या जून-जुलैला पाऊस लांबला, तळवंडी साबोचा औष्णिक प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चालत नव्हता, आणि उष्मा भयंकर. सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन केली. कारखान्यांना सक्तीच्या सुट्ट्या. लुधियानाच्या होजिअरीतले बिहारी, उत्तर प्रदेशी कामगार पोरं गल्लीत नुसती बसून होती.

पण इथं शेतीची वीज फुकट असल्यामुळं पाण्याची पातळी दरवर्षी खाली चाललीय. आधी तीन हॉर्सपॉवरवर भागायचं, आता बोअर खोल आणि मोटर मोठी. तेवढंच पाणी काढायला जास्त वीज. आपल्याकडं 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीजबिल माफ झालंय, ते शेतकऱ्याला हवंच होतं, पण जतच्या, आटपाडीच्या बोअरचं पंजाबासारखं होऊ नये एवढंच वाटतं.

---

लखनौ_चौक

उत्तर प्रदेशात सरळ रोस्टर आहे. जिल्ह्याच्या गावाला 24 तास, तहसीलला साडेएकवीस, खेड्याला 18. म्हणजे खेड्याचे सहा तास कागदावरच कापलेले. प्रत्यक्षात उन्हाळ्यात 18 तरी मिळाले तर लोक खूश. एका गोष्टीचं मात्र कौतुक करीन, निदान आकडा छापलेला आहे आणि माणसं तो दाखवून भांडतात. आमच्याकडं कामाला असलेला पोरगा बाराबंकीकडचा आहे, त्याच्या गावातल्या बायाबापड्यांनासुद्धा 18 तासांचा हक्क पाठ आहे.

---

जत_सीमेवरून

आमचं अर्धं गणगोत कर्नाटकात, विजयपूर आणि अथणीला. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्याचा फटका कर्नाटकाला ऑक्टोबरमध्ये बसला. शरावतीसारख्या जलविद्युतवर त्यांचं बरंच अवलंबून, धरणं भरली नाहीत, आणि पाऊस नाही म्हणून शेतकऱ्यांचे पंप पावसाळ्यातही चालू. थ्री फेज सात तासांची पाच तासांवर आणली. आंदोलनं झाली. मग पंजाब आणि उत्तर प्रदेशाकडून अदलाबदलीवर वीज घेतली, आता द्या, तुमच्या उन्हाळ्यात आम्ही परत करू, अशा बोलीवर.

ही अदलाबदल मला फार आवडली. एका राज्याचा भाताचा हंगाम, दुसऱ्याचा वाऱ्याचा, तिसऱ्याचा पाण्याचा. वरच्या सोलापूर-रायचूरसारख्या तारा नसत्या तर हे शक्य नव्हतं.

---

धोटा_आणि_बीम

एक प्रश्न. आपल्या जिल्ह्यात ढालगावला पवनचक्क्या, साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, गावोगावी साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करतात. मग उन्हाळ्यात आपल्याला हे का पुरत नाही?

---

निवृत्त_ऑपरेटर

हंगाम जुळत नाही. वारा पावसाळ्यात, कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मे दोन्हीच्या मधे सापडतात. शिवाय जवळ बनलेली वीज जवळच्यांनाच मिळते असं नाही, ती ग्रिडमध्ये जाते आणि करारानुसार वाटली जाते.

---

आटपाडी_माणदेश

अवांतर वाटेल, पण नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं नाव कुणीच घेतलं नाही अजून. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं आणि आमच्या माळावर आणायचं, हे सगळं विजेवर. कोयनेतून पूर्वेला सोडलेल्या पाण्याचा त्यात वाटा आहे. तेच पाणी पश्चिमेला सोडलं असतं तर टीएमसीला चार कोटी युनिट मिळाले असते, पूर्वेला आणलं तर उलट वीज खर्च होते. असा हिशेब मांडून कुणी म्हणेल की हे परवडत नाही. आमच्या लोकांनी आटपाडीच्या पाणी परिषदांपासून वर्षानुवर्षं याच हिशेबाशी झगडा केला. आधी बिलं थकली की पंप बंद पडायचे आणि उभी डाळिंबं वाळायची. आता बिलाचा 81 टक्के भार सरकार उचलतं, 19 टक्के शेतकरी, त्यामुळं आवर्तनं बरीच नियमित झालीत.

विजेच्या तुटवड्यावर बोलताना कुणीतरी नेहमी म्हणतं की अनावश्यक वापर कमी करा. माणदेशात टँकर बंद होणं हा अनावश्यक वापर नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

---

शिराळ्याची_लेक

आटपाडी_माणदेश, शंभर टक्के सहमत.

सोलरबद्दल कुणी अनुभव लिहील का? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची असं ठरलंय. 2017 ला सुरू झाली, 2023 मध्ये दुसरा टप्पा काढला. ज्या फीडरवर ती सुरू झालीय तिथली माणसं सांगतात की रात्रीचं जाणं थांबलं. मला आमच्या फीडरची पाळी कधी येणार एवढंच हवंय.

---

द्राक्षबाग_तासगाव

ताई, आमच्या जवळच्या एका फीडरवर सुरू झालंय. दिवसा आठ तास, सकाळी उजाडल्यावर. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर एप्रिल-मेमध्ये काडी तयार होत असते, तेव्हा पाणी मागंपुढं होऊन चालत नाही. तिथल्या लोकांना यंदा तो घोर नव्हता. ढग आले तर काय, अशी शंका मलाही होती, पण तो फीडर ग्रिडलाही जोडलेला आहे, सूर्य नसला तरी लाईन मरत नाही.

वेगळे सौर पंप घेणाऱ्यांनी मात्र विचार करून घ्यावा. विहीर किंवा बोअर बांधावरच असेल तर उत्तम. नदीवरून दोन-तीन किलोमीटर पाइपलाइननं पाणी आणणाऱ्याला साडेसातचा सौर पंप पुरायचा नाही. वाळवा, पलूस, कराडच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटरी तर शेकडो हॉर्सपॉवरच्या. त्यांना दिवसाचा फीडर हाच मार्ग.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा विषय वेगळा आहे, त्यावर जमलं तर नंतर लिहितो.

---

कोवई_गलाई

एवढं सगळं वाचून धोटा_आणि_बीम यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा देतो. तामिळनाडूत वाईट काळातही ज्या महिन्यांत वेळ जाहीर होऊन पाळली गेली, ते आम्ही काढले. ज्या महिन्यांत वेळेचा भरवसा नव्हता, त्या महिन्यांत लोकांनी धंदे बंद केले, काही आपल्याच गावचे होते. ते परत उभे राहिले नाहीत.

---

घाटमाथा_विटा

आतापर्यंतच्या प्रतिसादांतून मला आपल्या ग्रामसभेपुढं मांडायला दोन ठोस गोष्टी मिळाल्या. आपल्या फीडरवर गेल्या वर्षभरात किती वेळा आणि किती तास लाईट गेली, त्यातले टंचाईचे किती आणि बिघाडाचे किती, याची नोंद उपकेंद्राच्या लॉगबुकात असते. ती माहिती अधिकारात मागता येते. आणि शेतीचा फीडर सौर वाहिनीत कधी येणार ते लेखी विचारायचं. केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत बिघाड दुरुस्तीच्या मुदती आणि भरपाईची तरतूद आहे. पण तक्रारीचा नंबर नसेल तर भरपाई मागणं अवघड जातं. म्हणून 1912 ला फोन करून नंबर घ्या, वायरमनला थेट फोन केला असला तरीही.

अर्जाचा मसुदा मी मराठीत तयार करतोय. निवृत्त_ऑपरेटर काका, लॉगबुकातले कुठले रकाने मागायचे ते तुम्ही सांगितलंत तर उत्तर टाळायला जागा राहणार नाही. शिराळ्याची_लेक ताई, तुमच्या फीडरचं नाव मला निरोपात कळवा, दोन्ही तालुक्यांचे अर्ज एकदमच टाकू.

तेलंगणात शेतीला 24 तास वीज 2018 पासून आहे. हैदराबाद, वरंगळकडच्या गलाईवाल्यांनी लिहावं, तिथल्या शेतकऱ्यांनी ऑटो स्विच काढले का ते मला विशेष जाणून घ्यायचंय. केरळचंही अजून कुणी लिहिलं नाही.

---

निवृत्त_ऑपरेटर

लिहून घ्या. फीडरचं नाव आणि क्रमांक, बंद झाल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ, कारणाचा रकाना, आणि कुणाच्या आदेशानं बंद केला तो रकाना. हा शेवटचा नक्की मागा. भारनियमन असेल तर तिथं वरच्या निरोपाची नोंद असते, बिघाड असेल तर कुठला रिले (बिघाड ओळखून लाईन तोडायला लावणारं यंत्र) पडला ते असतं. महिनावार मागा, वर्षाची बेरीज मागू नका. बेरजेत सगळं बुडून जातं. सर्वात आधी एप्रिल आणि मे.